पंखा नसलेला घरचा सर्व्हर तापतो तेव्हा

छायाचित्रांचा साठा, कागदपत्रांच्या प्रती, जाहिराती गाळणारी डीएनएस सेवा, घरातल्या दिव्यांचे आणि सेन्सरचे नियंत्रण अशी कामे आता पुष्कळ लोक तळहातावर मावणाऱ्या एका संगणकाकडे सोपवतात. अख्खा संगणक एकाच सर्किट बोर्डवर असल्यामुळे त्याला सिंगल-बोर्ड संगणक म्हणतात. त्याला पंखा नसला की आवाज होत नाही, धूळ आत ओढली जात नाही आणि झिजणारा एकही भाग उरत नाही. म्हणून तो चोवीस तास चालू ठेवायला सोयीचा वाटतो. मग एखाद्या दिवशी छायाचित्रे उघडायला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागू लागतो. त्रुटीचा संदेश कुठेही नसतो, डिस्कवर जागा असते, नेटवर्क ठीक असते. प्रोसेसरचे तापमान पाहिले की ८२ अंश सेल्सिअस असा आकडा दिसतो आणि तो धोक्याचा की नेहमीचा, हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार काहीतरी विकत आणून चिकटवण्याचा असतो. माझे मत असे आहे की त्याआधी उष्णता किती निर्माण होते आणि ती कोणत्या वाटेने बाहेर पडते, याचा साधा हिशेब मांडला पाहिजे. हा हिशेब गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही, आणि तो मांडल्यावर निम्म्याहून अधिक लोकप्रिय उपाय आपोआप बाद होतात.

## उष्णता येते कुठून

संगणक घेतलेल्या विजेतून कोणतेही यांत्रिक काम करत नाही. त्यामुळे बोर्ड जितकी वीज घेतो, तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. रास्पबेरी पाय ४ हा २०१९ साली आलेला बोर्ड मोकळा असताना साधारण ३ वॅट घेतो आणि त्याचे चारही कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे गाभे) पूर्ण भाराखाली असताना साधारण ६ ते ७ वॅट. म्हणजे आपल्याला तेवढ्याच वॅटची उष्णता अखंडपणे बाहेर काढायची असते.

ही उष्णता मुख्यतः दोन कारणांनी निर्माण होते. प्रोसेसरमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना विजेचा सूक्ष्म भार भरतो आणि रिकामा करतो. हे दर सेकंदाला अब्जावधी वेळा घडते. यात खर्च होणारी शक्ती वारंवारितेच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा वर्ग पुढे फार उपयोगी पडणार आहे, कारण वारंवारिता कमी केली की प्रोसेसरला व्होल्टेजही कमी पुरते. उदाहरणादाखल, १.५ गिगाहर्ट्झवरून १ गिगाहर्ट्झवर आलो आणि त्याबरोबर व्होल्टेज ०.९ वरून ०.८ वर आले, तर गती एक-तृतीयांशाने कमी होते, पण या प्रकारची उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते.

दुसरे कारण गळतीचे आहे. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो आणि चिप जितकी गरम, तितकी ही गळती अधिक. गरम चिप अधिक वीज घेते आणि त्यामुळे आणखी गरम होते. म्हणूनच ७५ अंशांवर तेच काम करणारा प्रोसेसर ५० अंशांवरच्या प्रोसेसरपेक्षा थोडी अधिक उष्णता टाकतो आणि थंड करण्याचा छोटा उपायही कधीकधी हिशेबापेक्षा जास्त फळ देतो.

पूर्वी हे बोर्ड तापत नसत, मग आताच का, असा प्रश्न रास्त आहे. २०१२ सालच्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर होता आणि त्याला हीटसिंकची, म्हणजे उष्णता हवेत पसरवणाऱ्या धातूच्या तुकड्याची, गरजच नव्हती. २०२३ साली आलेल्या पाचव्या पिढीत २.४ गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडले होते की ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसे त्यांचे व्होल्टेजही उतरत जाईल आणि तेवढ्याच क्षेत्रफळात तेवढीच उष्णता राहील. हे गणित २००५ च्या सुमारास मोडले, कारण गळतीमुळे व्होल्टेज आणखी खाली नेता येईना. तेव्हापासून वाढलेल्या गतीची किंमत उष्णतेच्या रूपात मोजावी लागते आणि ती आता या छोट्या बोर्डांपर्यंतही पोहोचली आहे.

## तापमान कुठे जाऊन थांबते

एका टाकीत नळाने पाणी येते आहे आणि तळाच्या छिद्रातून ते बाहेर जाते आहे, अशी कल्पना करावी. पाण्याची पातळी वाढली की छिद्रावरचा दाब वाढतो आणि पाणी जोराने बाहेर पडते. येणारे आणि जाणारे पाणी सारखे झाले की पातळी तिथेच स्थिरावते. प्रोसेसरचे तापमान ही ती पातळी, वॅट हा नळ, आणि छिद्र म्हणजे उष्णतेची बाहेर जाण्याची वाट. टाकी रुंद असेल तर पातळी सावकाश चढते, पण छिद्र तेवढेच असेल तर अखेरीस ती पोहोचते त्याच उंचीला.

छिद्र किती अरुंद आहे हे मोजण्याच्या राशीला औष्णिक रोध म्हणतात; एक वॅट उष्णता बाहेर काढण्यासाठी तापमानात किती अंशांचा फरक पडावा लागतो, ते तो सांगतो. रोध प्रति वॅट ६ अंश असेल आणि प्रोसेसर ६ वॅट टाकत असेल, तर तो खोलीच्या हवेपेक्षा ३६ अंशांनी गरम होणार. खोली २५ अंशांवर असेल तर ६१, खोली ४० वर असेल तर ७६. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही तेवढेच, किंबहुना गळतीमुळे किंचित अधिक वाढते. सकाळी सुरळीत चालणारा सर्व्हर दुपारी मंदावण्याचे कारण अनेकदा इतकेच असते.

## उष्णतेची वाट आणि तिच्यातले अडथळे

उष्णता चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात येते, तिथून थर्मल पेस्ट किंवा पॅडमधून हीटसिंकमध्ये किंवा डब्याच्या धातूत जाते आणि शेवटी हवेत मिसळते. या टप्प्यांचे रोध एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून त्यांची बेरीज होते. एक टप्पा फार वाईट असेल तर बाकीचे कितीही सुधारले तरी उपयोग होत नाही.

धातूचा टप्पा क्वचितच अडचणीचा असतो. शुद्ध अॅल्युमिनियम हवेच्या जवळपास नऊ हजार पट सहजतेने उष्णता वाहून नेते आणि तांबे त्याहूनही चांगले वाहक आहे. परंतु या आकाराच्या वस्तूंत अॅल्युमिनियमच्या जागी तांबे घातल्याने पडणारा फरक लहान असतो, कारण खरा अडथळा धातूत नसतोच.

चिप आणि धातू यांच्यामधली फट मात्र लक्ष देण्याजोगी आहे. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी ते मोजक्या बिंदूंवरच एकमेकांना टेकतात आणि उरलेल्या जागेत हवा असते. ती हवा घालवण्यासाठी पेस्ट किंवा पॅड लावतात. १५ मिलिमीटर बाजूच्या चौरस चिपवर मध्यम दर्जाचा १ मिलिमीटर जाडीचा पॅड असेल, तर त्याचा रोध प्रति वॅट साधारण दीड अंश येतो. ६ वॅटला ९ अंश. त्याच जागी पेस्टचा ०.१ मिलिमीटर थर असेल तर हा फरक अर्ध्या ते एका अंशावर येतो. म्हणून फट परवानगी देत असेल तिथे पेस्ट वापरावी आणि पॅड वापरावा लागला तर तो पुरेल तितकाच पातळ निवडावा. जाड पॅड अधिक सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. पॅडच्या दोन्ही बाजूंचे पातळ प्लास्टिकचे संरक्षक आवरण काढले आहे ना, हेही पाहावे. एका बाजूचे आवरण तसेच राहून गेलेले डबे मी पाहिले आहेत.

## सर्वांत मोठा अडथळा हवेचा

पंखा नसताना पृष्ठभागाला लागलेली हवा गरम होऊन हलकी होते, वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. यालाच नैसर्गिक अभिसरण म्हणतात आणि ही प्रक्रिया फार मंद आहे. अभिसरण आणि प्रारण (उष्णतेचे किरणांच्या रूपात बाहेर पडणे) मिळून एक चौरस मीटर पृष्ठभाग दर एक अंश फरकाला ढोबळमानाने १० वॅट बाहेर टाकतो. एवढा एकच आकडा लक्षात ठेवला तरी बहुतेक निर्णय घेता येतात.

समजा ६ वॅट बाहेर काढायचे आहेत आणि पृष्ठभाग हवेपेक्षा ३० अंशांनीच गरम व्हावा अशी इच्छा आहे. सहा भागिले तीनशे, म्हणजे ०.०२ चौरस मीटर किंवा २०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग लागतो. साधारण ९५ मिलिमीटर लांब, ७० रुंद आणि ३० उंच अशा धातूच्या डब्याचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे २३० चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे चिपला नीट टेकलेला असा डबा हे काम करू शकतो, आणि अनुभवही तेच सांगतो.

आता चिपवर चिकटवायच्या छोट्या पंखदार, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या असलेल्या, हीटसिंकचा विचार करू. त्याच्या सगळ्या पंखांसह पृष्ठभाग १० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो हवेपेक्षा तब्बल ५० अंशांनी गरम झाला तरी अर्धा वॅटच बाहेर टाकू शकतो. उरलेली उष्णता मग जाते कुठे? ती बोर्डमध्येच उतरते. बोर्डच्या आतल्या तांब्याच्या थरांमुळे ८५ बाय ५६ मिलिमीटरचा तो बोर्डच दोन्ही बाजूंनी हीटसिंकचे काम करतो. त्याचा एकूण पृष्ठभाग ९५ चौरस सेंटिमीटर आहे. म्हणूनच उघडा बोर्ड कोणत्याही साहाय्याविना हलकी कामे निभावून नेतो आणि छोटी हीटसिंक चिकटवल्यावर फरक दोन-चार अंशांचाच दिसतो. अशी हीटसिंक निरुपयोगी नसते, परंतु तिच्यावर भरवसा ठेवून बोर्ड बंद डब्यात घालणे हे उफराटे काम आहे.

बंद डब्यात काय होते, हे नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण इथेच सर्वाधिक गैरसमज आढळतात. प्लास्टिकचा डबा वाईट ठरतो तो प्लास्टिक उष्णतेचे वाईट वाहक असल्यामुळे, असे सर्रास मानले जाते. पण २०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या आणि २ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या भिंतीतून ६ वॅट जाताना सुमारे ३ अंशच खर्च होतात. खरे नुकसान होते ते उष्णतेला हवेची सीमा दोनदा ओलांडावी लागल्यामुळे: एकदा बोर्डपासून डब्यातल्या हवेतून भिंतीपर्यंत आणि पुन्हा भिंतीपासून खोलीतल्या हवेत. प्रत्येक वेळी वीस-तीस अंश किंवा त्याहून अधिक द्यावे लागतात. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो: चिपला न टेकणारा, छिद्रे नसलेला धातूचा सुंदर डबा प्लास्टिकच्या डब्यापेक्षा फारसा बरा नसतो. डब्याच्या आतून एक खांब चिपपर्यंत उतरतो की नाही, हे डब्याच्या धातूपेक्षा महत्त्वाचे आहे.

पृष्ठभाग मिळाल्यावर हवेला येण्या-जाण्याची वाट हवी. पंख असलेला डबा अशा तऱ्हेने ठेवावा की पंखांमधल्या खाचा उभ्या राहतील. गरम हवा त्यांतून विनासायास वर चढते. बोर्ड उभा ठेवल्याने तो आडव्यापेक्षा थंड राहतो, हे रास्पबेरी पायच्या निर्मात्यांनीही २०१९ साली चौथ्या पिढीच्या चाचण्यांत दाखवले होते. आडवाच ठेवायचा असेल तर खालून निदान सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच उचलावा. पंख्यासाठी बनवलेल्या हीटसिंकचे पंख फार दाट असतात. पंख्याविना त्यांच्यामधली हवा अडकून पडते, म्हणून दाट पंखांपेक्षा काही मिलिमीटर अंतरावरचे विरळ पंख इथे अधिक काम करतात. राउटरच्या किंवा हार्ड डिस्कच्या डोक्यावर सर्व्हर ठेवू नये, कारण त्यांची गरम हवा हीच मग त्याची खोली ठरते. दार लावलेल्या कपाटाचेही तसेच.

प्रारणाचा वाटा लोक विसरतात. या तापमानांना पंख्याविना बाहेर जाणारी जवळजवळ निम्मी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात जाऊ शकते, पण पृष्ठभाग त्याला अनुकूल असेल तरच. चकचकीत अॅल्युमिनियम आदर्श पृष्ठभागाच्या जेमतेम विसाव्या भागाइतके प्रारण करते, तर अॅनोडाइझ केलेले (ऑक्साइडचा थर चढवलेले) किंवा रंगवलेले त्याच्या चार-पंचमांश किंवा अधिक. रंग काळाच हवा असे नाही. अवरक्त किरणांच्या बाबतीत बहुतेक सगळे रंग सारखेच वागतात.

## ८० अंशांना नेमके काय घडते

मर्यादा ओलांडू लागल्यावर प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो; यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. रास्पबेरी पाय ४ आणि ५ मध्ये ते ८० अंशांपासून सुरू होते आणि ८५ अंशांना आणखी कडक होते. २०१८ सालच्या ३बी प्लस या मॉडेलमध्ये पहिला टप्पा ६० अंशांवरच येतो आणि गती १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर उतरते. इतर बोर्डांवर लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असेच टप्पे सांभाळतो; सर्वांत वरचा टप्पा ओलांडला तर तो यंत्रणा बंद करून टाकतो.

टाकीच्या भाषेत सांगायचे तर पाणी काठाला आले की नळ आपोआप बारीक होतो. म्हणून थ्रॉटलिंग हा बिघाड नव्हे. सुरुवातीच्या प्रसंगातले ८२ अंश चिपला जाळणार नाहीत. आपल्याला दिसते ते मंदावलेपण हीच संरक्षणाची किंमत आहे.

## नीट मोजायचे कसे

इथे घाई फार नडते. १५० ग्रॅम अॅल्युमिनियमचा डबा एक अंशाने तापवायला १३५ ज्यूल लागतात; ६ वॅटच्या उष्णतेला त्यासाठी सुमारे २२ सेकंद पुरतात, पण डबा तापू लागला की चढण मंदावत जाते आणि पातळी स्थिर व्हायला पाऊण ते एक तास लागतो. पाच मिनिटांची चाचणी घेऊन डबा उत्तम आहे असे जाहीर करणे म्हणजे टाकी भरण्याआधीच तिची पातळी सांगणे. चाचणी तासभर चालवावी आणि प्रोसेसरच्या तापमानासोबत सर्व्हरजवळच्या हवेचे तापमानही नोंदवावे. या दोहोंमधला फरक हाच आपल्या व्यवस्थेचा खरा गुण आहे; नुसते प्रोसेसरचे तापमान ऋतूप्रमाणे बदलते आणि त्यावरून तुलना करता येत नाही.

लिनक्समध्ये हे तापमान कर्नलच्या एका फाईलमध्ये अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेले असते. ५२००० दिसले तर ते ५२ अंश. रास्पबेरी पायवर व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेने तापमानही विचारता येते आणि थ्रॉटलिंगची स्थितीही. स्थितीचे उत्तर शून्य असेल तर सुरू झाल्यापासून काहीच घडलेले नाही. शून्य नसेल तर त्याचे अर्थ दोन गटांत येतात: आत्ता काय चालू आहे आणि यापूर्वी कधी काय घडून गेले. हा दुसरा गट मोलाचा आहे, कारण दुपारी घडलेली गोष्ट रात्री तपासली तरी तो सांगतो.

तपासताना एक गफलत टाळलीच पाहिजे. हीच आज्ञा व्होल्टेज कमी पडल्याचीही नोंद देते. बोर्डला मिळणारे ५ व्होल्ट सुमारे ४.६३ च्या खाली गेले की प्रोसेसर तेव्हाही गती कमी करतो. लक्षण अगदी तेच दिसते, पण दोष चार्जरचा किंवा बारीक केबलचा असतो आणि तिथे कितीही हीटसिंक लावल्या तरी सर्व्हर मंदच राहतो.

## नळ बारीक करणे

पंखा नसलेल्या यंत्रात कामाचे नियोजन हाच माझ्या मते सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. घरच्या सर्व्हरचा प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ रिकामा असतो. त्याला तापवणारी कामे मोजकीच असतात: नव्या छायाचित्रांच्या लघुप्रती आणि चेहऱ्यांची ओळख, चित्रफितींचे रूपांतर, बॅकअपचे संकोचन आणि कूटबद्धीकरण. ही सगळी कामे अनेकदा मध्यरात्री बाराच्या ठोक्याला सुरू होतील अशी लावलेली असतात आणि एकमेकांवर आदळतात. त्यांना एकापाठोपाठ चालवले आणि हवा थंड असते अशा पहाटेच्या वेळी ठेवले, तर काही न विकत घेता शिखर खाली येते.

काही कामे टाळताही येतात. चित्रफीत पाहणाऱ्या उपकरणाला मूळ स्वरूपच चालत असेल तर रूपांतराची गरज उरत नाही. रूपांतर करावेच लागणार असेल तर बोर्डमध्ये त्यासाठी वेगळे हार्डवेअर आहे का, हे पाहावे; एच.२६४ या चित्रफितींच्या स्वरूपाच्या संकेतनाचे हार्डवेअर रास्पबेरी पाय ४ मध्ये आहे, पण पाय ५ मध्ये ते काढून टाकलेले आहे, म्हणून नवा बोर्ड या एका कामात अधिक तापतो. कूटबद्धीकरणात उलटे आहे. एईएस पद्धतीसाठी लागणाऱ्या खास सूचना पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये नाहीत आणि पाय ५ मध्ये आहेत. पाय ४ वर चाचा२० पद्धत वापरणारी साधने, उदाहरणार्थ वायरगार्ड हे व्हीपीएन, तुलनेने हलकी पडतात.

प्रोसेसरवर मर्यादा घालण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते सारखे नाहीत. एखाद्या सेवेला प्रोसेसरचा ठरावीक वाटाच देणे, ही सोय सिस्टमडी आणि डॉकर या सेवा चालवणाऱ्या दोन्ही साधनांत आहे. यात काम लांबते, पण चालते त्या क्षणी ते पूर्ण व्होल्टेजवरच चालते. कमाल वारंवारिताच खाली आणणे हा दुसरा मार्ग, आणि त्यात व्होल्टेजही उतरत असल्यामुळे वर सांगितलेल्या वर्गाचा लाभ मिळतो. सतत चालणाऱ्या जड कामांसाठी दुसरा मार्ग श्रेयस्कर आहे. आरके३५८८ सारख्या चिपमध्ये चार मोठे आणि चार लहान कोअर असतात. तिथे पार्श्वभूमीतली कामे लहान कोअरवर बांधून टाकता येतात.

फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेले सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवण्याला फार थोडे शब्द पुरतील: पाय ४ बाजारात आल्यानंतर काही महिन्यांतच त्याच्या यूएसबी नियंत्रक चिपचा वीजवापर फर्मवेअरमधूनच कमी करण्यात आला होता आणि बोर्ड त्यामुळे लक्षणीय थंड झाला. वाय-फाय किंवा एचडीएमआय बंद करून वाचणारी शक्ती त्यामानाने किरकोळ असते.

## गती कमी केली तर सर्व्हर मंद होणार नाही का

होईल, पण जाणवेलच असे नाही. फायली पुरवताना अडथळा बहुधा नेटवर्कचा किंवा डिस्कचा असतो, प्रोसेसरचा नव्हे. शिवाय थ्रॉटलिंगमध्ये सापडलेला प्रोसेसर वरखाली हेलकावे खात असतो, १.८ गिगाहर्ट्झवर स्थिर चालणारा प्रोसेसर २.४ आणि १.५ यांच्यात झुलणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो. यावर जाणकार असा आक्षेप घेतात की काम झटपट संपवून झोपी जाणे एकूण ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते. वीजबिलाच्या बाबतीत हे पुष्कळदा खरे आहे, कारण बोर्डचा स्थिर खर्च काम लांबले तितका वेळ चालू राहतो. काही सेकंदांच्या कामांना हेच धोरण योग्य, कारण डब्याचा धातू ती उष्णता पोटात घेतो. तासभर चालणाऱ्या कामात मात्र तापमान एकूण ऊर्जेवर ठरत नाही, तर क्षणोक्षणी येणाऱ्या वॅटवर ठरते.

## चिप ८५ अंश सोसते, तर काळजी कशाला

चिपची काळजी नाहीच. काळजी तिच्या शेजाऱ्यांची आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम अभियंते वापरतात. फ्लॅश साठवणीत उच्च तापमानाला माहितीचा विद्युतभार लवकर झिरपतो. घरगुती वापराच्या एनव्हीएमई डिस्कची (वेगवान फ्लॅश डिस्कची) कमाल मर्यादा बहुधा ७० अंश असते आणि तीच डिस्क तापलेल्या बोर्डच्या पोटाशी बसवलेली असते. नेहमीच्या भाराखाली प्रोसेसर ६५ ते ७० अंशांच्या खाली राहील असे पाहिले की या शेजाऱ्यांनाही आणि कडक उन्हाळ्यालाही जागा उरते.

डबा हाताला गरम लागतो म्हणून घाबरणाऱ्यांना मात्र दिलासा द्यायला हवा. डबा कोमट आणि चिप ८० अंशांवर, ही स्थिती वाईट. तिथे उष्णता आतच अडकली आहे आणि पॅड किंवा खांब तपासला पाहिजे. डबा चांगला गरम आणि चिप त्याच्यापेक्षा दहा-बारा अंशांनीच वर, ही स्थिती उत्तम आहे. धातू ५० अंशांपलीकडे गेला तर त्यावर हात ठेवून राहणे कठीण होते, म्हणून लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी तो ठेवू नये.

## मग सरळ पंखाच का लावू नये

काही कामांसाठी लावावाच. हवा थोडीशी जरी ढकलली तरी पृष्ठभागावरून निघणारी उष्णता कित्येक पटींनी वाढते. संथ फिरणारा, ऐकू न येणारा पंखाही वीस अंश सहज खाली आणतो. चित्रफितींचे अखंड रूपांतर, कॅमेऱ्यांच्या प्रतिमांचे सततचे विश्लेषण, प्रोग्रामची रात्रंदिवस चालणारी संकलने (कंपायलेशन) अशी कामे ज्याला करायची आहेत, त्याने पंख्याविना राहण्याचा हट्ट धरू नये. पाय ५ चे चारही कोअर दीर्घकाळ पूर्ण गतीने राबवायचे तर बोर्ड ८ ते १० वॅटपर्यंत जातो आणि वरच्याच हिशेबाने ३० अंशांच्या फरकात त्याला सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग लागतो, तोही मोकळ्या हवेत. पंखा लावल्यानंतरही तो एक दिवस अडकून बंद पडेल हे गृहीत धरावे, आणि पंख्याविना यंत्र निदान थ्रॉटलिंगवर तग धरते का, हे आधीच तपासून ठेवावे.

पंखा न लावणाऱ्यांनी दर ऋतूत एकदा तीच तासाभराची चाचणी त्याच भाराखाली पुन्हा घ्यावी. प्रोसेसर आणि हवा यांच्यातला फरक पूर्वीच्या नोंदीपेक्षा पाच-सात अंशांनी वाढला असेल, तर आधी खाचांमधली धूळ मऊ ब्रशने काढावी. तरीही फरक उतरला नाही तर डबा उघडून सुकलेली पेस्ट पुसावी, नवी लावावी आणि स्क्रू समान आवळावेत.